वाकलेला चिमटा आणि तडकलेला चिमटा



कुटुंबाच्या या पानावर आपण मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, घरखर्च, आजारपण असे विषय वाचतो. आज मी सायकलीच्या पुढच्या चिमट्याविषयी लिहिणार आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या समाजात आजही कितीतरी माणसे सायकलवर कामाला जातात, लेकरे सायकलवर शाळा गाठतात. नवी सायकल घेण्याची ऐपत नसेल तर वडिलांच्या वेळची सायकल झाडून-पुसून बाहेर काढणारे आणि भंगारातून सुटे भाग आणून ती उभी करणारेही आपणच. अशा जुन्या सायकलीचा चिमटा वाकडा असेल तर काय पाहावे, किती सरळ करावे आणि कुठे हात जोडून थांबावे, हे घरात एकाला तरी ठाऊक असले पाहिजे. कारण मागचे काही मोडले तर सायकल थांबते. पुढचा चिमटा मोडला तर माणूस तोंडावर पडतो.

चिमटा कोणता ते आधी सांगतो. हँडलच्या खाली सांगाड्याच्या नळीतून एक उभी नळी जाते. तिच्या खाली माथा असतो. माथ्यातून दोन पाय फुटतात, ते थोडे पुढे वळतात, आणि त्यांच्या टोकाला असलेल्या खाचांत पुढच्या चाकाचा एक्सल बसतो. या सगळ्याला मिळून दुकानात चिमटा म्हणतात. पाय पुढे वळलेले असतात ते शोभेसाठी नव्हे. हँडलच्या नळीची तिरकी रेघ मनाने जमिनीपर्यंत नेली तर ती चाक जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागून ओढले जाते, आणि म्हणूनच चालत्या सायकलीचे हँडल आपोआप सरळ राहू पाहते. ते अंतर किती ठेवायचे, हे या वळणावर ठरते. खड्ड्याचा धक्काही या वळणात थोडा जिरतो. चिमटा एका अंगाला कलला की हा मेळ बिघडतो. सायकल डावीकडे किंवा उजवीकडे ओढू लागते, खांदे दुखतात, टायर एका बाजूने झिजते.

आमचे घर परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात, येलदरीला. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पुरे झाले. तिथे साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आहे, आणि हेच पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जाऊन तिथल्या कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या शेतांना मिळते. त्या धरणाच्या कामावर आमच्या वस्तीतली बरीच माणसे राबली, त्यांत आमचे वडील होते. गावकीची कामे सोडून रोख मजुरी हातात घेणारी आमच्या घरातली ती पहिली पिढी. त्या मजुरीतून पैसे साठवून वडिलांनी एक जुनी, बावीस इंची, काळी सायकल घेतली. त्या काळी लग्नात जावयाने घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागण्याची चाल होती. वडिलांनी सासऱ्याकडून सुतळीचा तोडाही घेतला नाही. "दीक्षा घेतलेल्या माणसानं हुंड्याच्या सायकलवर बसू नये," असे ते म्हणत.

या सायकलीची किंमत आजच्या मुलांना समजावी म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत आपल्या माणसाला मोठ्या वाड्यासमोरून सायकलवर बसून जाण्याची मुभा नव्हती. वाडा आला की उतरायचे, सायकल हातात धरून चालायचे, पुढे गेल्यावर पुन्हा बसायचे. वडील आमच्या मूळ गावी गेले की उतरत नसत. त्यावरून बोलणी झाली, एकदा दगडही आला. तरी ते उतरले नाहीत. पुढे २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा याच सायकलवर ते रात्री दिवा न लावता जवळच्या वस्त्यांत निरोप पोचवत असत. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला त्या दिवशी त्यांनी सायकल धुऊन तिच्या हँडलला निळा झेंडा बांधला होता.

वडील गेल्यावर ती सायकल धाकट्या भावाकडे आली. २००९ च्या पावसाळ्यात ती एका पुलाच्या कठड्यावर आदळली. भाऊ वाचला, सायकलीचा चिमटा वाकला. तेव्हापासून ती मागच्या भिंतीला टेकून होती. भंगारवाला दर दिवाळीला विचारायचा आणि माय दर दिवाळीला नाही म्हणायची.

२०२३ च्या उन्हाळ्यात भावाची मुलगी दहावी झाली. अकरावीला जिंतूरला जायचे ठरले. आमच्या वस्तीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत तीन किलोमीटरची वाट. सकाळी चालत जाणे जमेल, पण संध्याकाळच्या गाडीने उतरल्यावर अंधारात एकटीने तीन किलोमीटर यायचे कसे? घरात कुजबुज सुरू झाली. दहावी झाली, पुरे आता, असे एक-दोन नातेवाइकांनी बोलूनही दाखवले. नव्या सायकलीला त्या वर्षी पैसा नव्हता. तेव्हा पोरगीच म्हणाली, "काका, आजोबांची सायकल होईल का नीट?"

म्हणजे प्रश्न नुसत्या जुन्या सायकलीचा राहिला नव्हता. पोरीचे शिक्षण त्या चिमट्यावर अडले होते.

जिंतूरला सायकलीचे काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. नात्याने कुणी नाहीत, पण वडिलांचे स्नेही, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी सायकल टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेली. तिथे ओट्यावर बसून त्यांनी जे करून दाखवले ते क्रमाने सांगतो, म्हणजे वाचकांना घरी पडताळून पाहता येईल.

मी म्हणालो, "मामा, चिमटा वाकडा झालाय, सरळ करून द्या." मामांनी हातोडी उचललीच नाही. म्हणाले, "वाकडा चिमटा हाय का चाक, ते तुला कुणी सांगितलं? आधी चाक काढ अन् उलटं करून घाल."

ही पहिली तपासणी. चाक एका पायाच्या जवळ आणि दुसऱ्यापासून लांब दिसत असेल, तर चाक काढायचे, डावी बाजू उजवीकडे करायची आणि पुन्हा बसवायचे. एक्सल दोन्ही खाचांत तळापर्यंत गेला आहे हे नीट पाहायचे, नाहीतर तपासणीच खोटी ठरते. मग बघायचे. चाक आता दुसऱ्या पायाजवळ गेले, तर दोष चाकाचा. रिम हबच्या मध्यावर नाही, आऱ्या सैल-घट्ट करून ती मध्यावर आणावी लागेल. जुन्या धाटणीच्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आरे असतात आणि मागच्याला ४०, त्यामुळे हे काम सावकाश करायचे असते. पण चाक उलटे घालूनही ते पहिल्याच पायाजवळ राहिले, तर दोष चिमट्याचा. याला ना पैसा लागतो ना यंत्र. एक पाना पुरे. तरीही कितीतरी वेळा दोष असतो चाकाचा आणि मार खातो चिमटा. चांगला चिमटा ठोकून वाकडा केला जातो, चाकाचा दोष तसाच राहतो.

आमच्या सायकलीचे चाक उलटे घातले तरी डाव्या पायालाच चिकटून राहिले. दोष चिमट्याचाच होता.

मग मामांनी चिमटा सांगाड्यातून बाहेर काढला. जाग्यावर ठेवून ठोकला तर सांगाड्याची पुढची नळी ताणते, म्हणून काढूनच काम करायचे. काढताना वरच्या आणि खालच्या वाट्यांतले छर्रे एका ताटलीत घेतले आणि मोजून ठेवले. सुतळी घेतली. नळीच्या वरच्या टोकाच्या मध्यापासून माथ्याच्या मधल्या भोकावरून ती खाली ताणली. खाचांत एक जुना एक्सल घालून त्याच्या बरोबर मध्यावर खडूची खूण केली होती. सुतळी त्या खुणेवर यायला हवी. ती आली नाही. मग चिमटा आडवा धरून एका बाजूने डोळा लावला. सरळ चिमट्याचा एक पाय दुसऱ्याच्या मागे पुरता लपतो. आमच्या चिमट्याचा डावा पाय मागे दबलेला दिसला.

इथपर्यंत मला वाटत होते की आता सरळ करण्याचेच काम राहिले. पण मामांनी माथ्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. उघड्या लोखंडाला घासलेट लावले, थोडा वेळ मुरू दिले, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले. मग शाळेतला पांढरा खडू त्यावर घासला आणि म्हणाले, "आता चहा पिऊन येऊ."

चहा पिऊन आलो तेव्हा डाव्या पायाच्या मुळाशी, माथ्याच्या अगदी खाली, खडूवर केसासारखी एक काळपट रेघ उमटली होती.

ही रेघ म्हणजे तडा. डोळ्याला न दिसणाऱ्या भेगेत घासलेट शिरते, वरून पुसले तरी आत राहते, आणि खडू ते शोषून घेतो तेव्हा भेगेची रेघ दिसू लागते. ही काही मामांची जादू नव्हे. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांचे आस अशाच रीतीने, तेल आणि पांढरी भुकटी वापरून तपासत असत. लोखंड एकदम तुटत नाही, ते थकत थकत तुटते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि फार मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर लोखंडाच्या या थकव्याकडे युरोपातल्या इंजिनियरांचे लक्ष गेले. घरात आपण तार तोडायची असली की ती एकाच जागी पुढे-मागे वाकवतो. आठ-दहा वेळा वाकवली की तिचा तुकडा पडतो. चिमट्याचेही तसेच. आधी भेग पडते, ती रोजच्या हादऱ्यांनी वाढते, आणि एके दिवशी उतारावर, भर वेगात पाय माथ्यापासून सुटतो.

मी विचारले, "मामा, सरळ होईल ना पण?"

मामा म्हणाले, "सरळ करून देतो की. दिसायला झ्याक दिसंल. पण हे नुसतं वाकलेलं नाही बाबा, हे फुटलेलं हाय. वाकलेलं सरळ होतंय. फुटलेलं नुसतं सरळ दिसतंय."

वेल्डिंग करून घेऊ, असे मी सुचवले. त्यालाही ते नाही म्हणाले. जुन्या चिमट्याचे पाय माथ्यात पितळेच्या झाळणीने बसवलेले असतात. तिथे जास्त आच दिली तर झाळण बिघडते, शेजारचे पोलाद मऊ पडते, आणि भेग एका बाजूला बुजली तरी दुसरीकडून पुन्हा निघते. ज्या जागेवर माणसाचा जीव टांगलेला आहे तिथे असली ठिगळे लावायची नाहीत, हा त्यांचा नियम.

दुसरा चिमटा शोधावा लागला. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींची एक सोय आहे. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली उभी राहिलेली टी.आय. सायकल्स असो, सोनीपतची १९५१ ची अ‍ॅटलस असो की लुधियान्याची १९५६ ची हीरो, सगळ्यांनी इंग्रजी धाटणीची एकच सायकल वर्षानुवर्षे बनवली. चाक अठ्ठावीस गुणिले दीड इंची, दांडीचे ब्रेक, तोच सांगाडा. त्यामुळे एकीचा भाग दुसरीला बहुधा बसतो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद झाला, तरी या धाटणीचे सुटे भाग आजही मिळतात. फक्त एक गोष्ट मापून घ्यावी लागते. बावीस इंची आणि चोवीस इंची सांगाड्याच्या चिमट्याची उभी नळी सारख्या लांबीची नसते. आखूड आली तर वरचा नट पुरता बसत नाही. म्हणून जुना चिमटा सोबत नेऊनच दुसरा घ्यावा.

भंगाराच्या ढिगात बावीस इंचीचा एक चिमटा मिळाला. मामांनी आधी त्यालाही घासून, घासलेट लावून, खडू घासला. रेघ उमटली नाही. माथ्याखाली सुरकुती नाही, पायावर चेप नाही, नळीचे आटे शाबूत. मात्र सुतळी लावली तेव्हा दोन्ही पाय मिळून डावीकडे कललेले निघाले, दोन सुतांनी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे हाही वाकडाच. पण हा वाकलेला होता, फुटलेला नव्हता.

तो सरळ करण्याची रीत अशी. लाकडाच्या दोन ठोकळ्यांना खाच पाडून त्यांत नळी धरली आणि ठोकळे व्हाइसमध्ये आवळले. नुसत्या व्हाइसमध्ये धरली असती तर नळी चेपली असती. खाली खाचांत जुना एक्सल घालून नट घट्ट केले, म्हणजे दोन्ही पाय एकमेकांना धरून हलतील. मग मामांनी पायाच्या आतल्या अंगाला लाकडी दांडा टेकवला आणि अंगाचा भार देत सावकाश उजवीकडे रेटला. सोडला. सुतळी लावली. काहीच फरक नाही. दुसऱ्यांदा थोडे जास्त रेटले. अर्धा सूत फरक. पोलादाला स्वभाव असतो, सोडले की ते परत येते. म्हणून जिथे आणायचे त्याच्या थोडे पुढे न्यावे लागते, तेव्हा ते जाग्यावर राहते. चौथ्या खेपेला सुतळी खडूच्या खुणेवर आली. मामा तिथेच थांबले. पुन्हापुन्हा मागे-पुढे करायचे नाही, तारेचे उदाहरण वर दिलेच आहे. आच द्यायची नाही, हातोडीचा घाव घालायचा नाही. शेवटी एक्सल सैल करून पाहिला. दोन्ही खाचा त्याच्याशी समांतर होत्या, ताण न देता तो सहज आत-बाहेर होत होता.

जोडणी करताना वाट्या पुसून ग्रीस भरले आणि मोजलेले छर्रे तितकेच परत घातले. वरचा नट असा आवळला की हँडल कुठेही न अडकता फिरावे आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे केली तर खटखट वाजू नये. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमच्या दोन्ही बाजूंना सारखे लागते का ते पाहिले. चाक घालून पुन्हा एकदा उलटे करून पाहिले. दोन्ही वेळा ते मध्यावरच उभे राहिले.

आता जुन्या चिमट्याचे काय करायचे? त्या दिवशी माय सोबत आली होती. तिने तो पदराने पुसून मांडीवर घेतला होता. मामांनी तो तिच्याकडून मागून घेतला, व्हाइसमध्ये धरला आणि लोखंड कापायच्या करवतीने डावा पाय मधोमध कापायला घेतला. माय गहिवरली. "त्यांच्या सायकलीचा चिमटा कापता होय भाऊ?"

मामांनी करवत थांबवली. म्हणाले, "वहिनी, हा असाच भंगारात गेला तर उद्या कुणीतरी आपल्यासारखाच गरीब उचलंल. रंग मारंल. सरळ करून लेकराला देईल. त्याला कुणी खडू लावून दाखवणार नाही."

माय काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच चिमट्याचे दुसरे टोक हलू नये म्हणून धरून ठेवले.

मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. आपण पंचशीलात प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे व्रत घेतो ते हात जोडून, विहारात. मामांनी ते व्रत करवत हातात धरून पाळले. ज्याला ते कधी पाहणार नाहीत अशा माणसाच्या लेकराचा दात, नाक, कदाचित जीवही त्यांनी वाचवला, आणि वर चिमट्याचे भंगारातले चार पैसे सोडले. मैत्री आणि करुणा हे शब्द आपण भाषणात फार ऐकतो. कामात ते असे दिसतात.

दुसरा विचार मनात आला तो बाबासाहेबांचा. वाकलेले आणि फुटलेले यांतला फरक त्यांनी आपल्या आयुष्याच्या मोठ्या भागात पारखून घेतला. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला आणि तो पुढे काही वर्षे चालवला. म्हणजे त्यांनी रेटून पाहिले, थोडे जास्त रेटून पाहिले, सुतळी लावून पाहिली. दोष माणसांच्या वागण्यात आहे की रचनेतच तडा आहे, हे त्यांनी उतावीळपणे ठरवले नाही. आणि तडा मुळाशी आहे हे कळल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतरही एकवीस वर्षे दुसऱ्या मार्गाची पारख केली आणि मगच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपल्याला धम्म दिला. फुटलेल्याला रंग मारून तो पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा नाही, हे त्यांनी आपल्याला करून दाखवले.

आपल्या घरांतही असे चिमटे आहेत. काही नुसते वाकलेले असतात. बापाचा कडक स्वभाव, भावाभावांतला अबोला, सासू-सुनेची तक्रार. सावकाश, आच न लावता रेटले तर ते जाग्यावर येतात, आणि ते आणलेच पाहिजेत. काही मात्र फुटलेले असतात. हुंडा, दारू, नवससायास, पोरीची शाळा दहावीनंतर बंद करणे. त्यांना आठवण म्हणून, रीत म्हणून जपायचे नसते. वडिलांची आठवण त्या चिमट्यात नव्हती. वाड्यासमोर न उतरण्यात होती. ती आता पोरगी पुढे नेते.

सायकल शिकलेली बाई काय करू शकते याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ झाली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, खेड्यांतल्या सेविका अशा लाखभर बायका सायकल चालवू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. पाणी, बाजार, लेकरांची शाळा यांसाठी नवऱ्याची वाट पाहणे त्यांचे संपले. बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, त्यानंतर तिथे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. आपल्या राज्यातही गरजू मुलींना सायकल देण्याची योजना मागास तालुक्यांत राबवली गेली आहे. ज्यांच्या मुली आठवी ते बारावीत आहेत त्यांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना जरूर विचारावे. संकोच करू नये.

आमची पोरगी आता रोज थांब्यापर्यंत सायकलवर जाते. थांब्यावरच्या एका ओळखीच्या घरी सायकल लावते, संध्याकाळी तिच्यावरून परत येते. मधल्या दांडीमुळे सुरुवातीला तिला त्रास झाला, माय कुरकुरली, मग पोरीनेच सीट खाली करून घेतली. पहिल्या आठवड्यात मी धरणाकडच्या सपाट रस्त्यावर तिच्या मागे चालत असे. हँडल सैल धरले तरी सायकल सरळ जात होती.

शेवटी वाचकांसाठी थोडक्यात. महिन्यातून एकदा सायकल समोरून पाहा. पुढचे चाक दोन्ही पायांपासून सारख्या अंतरावर आहे का? नसेल तर चाक उलटे घालून दोष कुणाचा ते ठरवा. सायकल कशावर आदळली असेल, मग ती वरून कितीही बरी दिसो, माथ्याखालचा रंग पाहा. रंगाला बारीक चिरा किंवा सुरकुत्या दिसल्या तर बसू नका. घासलेट मिळाले तर ते आणि खडू लावून पाहा. तपासणी झाल्याशिवाय मिस्त्री हातोडी उचलत असेल तर त्याला नम्रपणे थांबवा आणि आधी चाक उलटे घालून दाखवायला सांगा. जुनी सायकल विकत घेताना चिमट्यावरच ताजा रंग दिसला तर दोनदा विचार करा. आणि तडा गेलेला चिमटा भंगारात घालण्याआधी आठवणीने कापून टाका. त्याचे पैसे थोडे कमी येतील, येऊ द्यात.